राज्यस्तरीय व्यापारी संघटना विधिमंडळाकडे करायच्या मागण्यांचा क्रम कसा ठरवते?

सभासदांच्या तक्रारी आधी जिल्हा शाखा आणि विषयवार समित्यांकडे येतात, तिथे छाननी होते आणि मोजक्या मागण्यांवर कार्यकारिणी शिक्कामोर्तब करते. साधारणपणे हीच पद्धत असते. छाननीत खरा प्रश्न एकच असतो: हे कोणाच्या हातात आहे? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर व्यवसाय कर, दुकाने व आस्थापना कायदा, बाजार समित्या हे राज्याचे विषय. जीएसटीचा दर मात्र राज्य एकटं बदलू शकत नाही, तो केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतो. विजेच्या दरासाठी नियामक आयोगाच्या सुनावणीत हरकत नोंदवावी लागते, आमदारांना निवेदन देऊन भागत नाही. त्यानंतर पाहिलं जातं ते किती धंद्यांना झळ बसते आणि पुराव्याला आकडे आहेत का. एलबीटीचा, म्हणजे जकातीऐवजी महापालिका घेत असलेल्या स्थानिक संस्था कराचा, मुद्दा वर गेला तो लहान-मोठे सगळेच व्यापारी त्यात भरडले जात होते म्हणून. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांची त्यातून सुटका झाली. वेळही महत्त्वाची. करासंबंधीचं निवेदन अर्थसंकल्पाचा मसुदा पक्का होण्याआधी पोचायला हवं, अधिवेशन सुरू झाल्यावर फार तर लक्षवेधी सूचना, म्हणजे आमदाराने मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणं, एवढंच होतं.

मात्र प्रत्येक संघटनेची घटना वेगळी असते, आणि समित्यांवर मोठ्या उद्योगांचे लोक जास्त असले तर लहान दुकानदाराचं म्हणणं मागे पडतं. म्हणून तालुक्यातून नुसतं पत्र पाठवू नका; कायद्याचं कलम, होणारा खर्च आणि नेमका हवा तो बदल लिहून द्या.