एका दिवसात जुने गोवे: दोघांनी काय पाहावे?

आपण विचारले आहे की वेंगुर्ल्याच्या मुक्कामातला एकच दिवस जुन्या गोव्यासाठी राखला आहे, पत्नीला चित्रे आणि कोरीवकाम यांची आवड आहे, आपल्याला मात्र तिसऱ्या चर्चनंतर सगळी सारखीच दिसू लागतात, तर तो दिवस कसा घालवावा. मी सावंतवाडीचा आहे. पत्नी शाळेत चित्रकला शिकवीत असे आणि मी बँकेत आकडे लिहीत असे, त्यामुळे आपली अडचण मला परकी नाही. पहिल्या खेपेस आम्ही एका दिवसात सात वास्तू उरकल्या आणि कोणती वेदी कुठल्या चर्चमधली, यावर परतीच्या वाटेत बांद्यापर्यंत वाद घालीत आलो. दुसऱ्या खेपेस मात्र ठरवले की चारच ठिकाणी जायचे आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सावकाश पाहायची. आपणही तसेच करावे, असे मला वाटते.

वेंगुर्ल्याहून पहाटे निघालात तर सकाळच्या न्याहारीच्या वेळी आपण जुन्या गोव्यात असाल. रविवारची सकाळ प्रार्थनेची असते, म्हणून तो दिवस टाळावा. ३ डिसेंबरच्या फेस्तच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या सुमारास तर पाय ठेवायला जागा नसते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत.

बहुतेक लोक गाडीतून उतरले की थेट बॉ जेझू या प्रसिद्ध चर्चच्या दारात उभे राहतात. आपण तसे न करता आधी मॉन्ते सांतोच्या टेकडीवर जावे, कारण तिथे सावली नाही आणि दहानंतर ऊन सहन होत नाही. तिथे सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा भग्न मनोरा उभा आहे. १६०२ साली बांधलेला हा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता, आणि सबंध काम जांभ्याचे. आमच्या सौभाग्यवती त्याच्या पायथ्याशी उभ्या राहून मान वर करून म्हणाल्या, "अहो, हो तर आपलोच चिरो!" आपल्याकडे ज्या चिऱ्याने गडगे आणि विहिरी बांधतात, त्याच चिऱ्याने एवढी उंची गाठली, हे कोकणातल्या माणसाला सांगून नव्हे, पाहूनच कळते. १८३५ मध्ये धर्मसंघांचे मठ बंद करण्यात आले, तेव्हा ही वास्तू सुनी पडली. १८४२ मध्ये घुमटाकार छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. चिऱ्याच्या भिंतीवरचे छप्पर एकदा गेले की पावसाळे काय करतात, हे आपण पडक्या घरांवरून जाणतोच. त्या मनोऱ्यातील घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. या अवशेषांतच जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अस्थी-अवशेष सापडले. तिला १६२४ मध्ये इराणच्या शिराझ येथे ठार मारण्यात आले होते, आणि त्या अस्थी तिच्याच आहेत याला २०१३ मध्ये डीएनए तपासणीने पुष्टी दिली.

लगतच सांता मोनिकाच्या जुन्या जोगिणींच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. पत्नीला तिथे हवा तेवढा वेळ द्यावा, घड्याळाकडे पाहू नये. मला स्वतःला हे सर्वांत आवडते ठिकाण वाटते, कारण चर्चमध्ये जे वीस फूट उंचीवर असते, ते इथे डोळ्यांच्या रेषेत येते. हस्तिदंती मूर्तींचे चेहरे जवळून पाहा: विषय युरोपचा, परंतु डोळ्यांची ठेवण आणि वस्त्राच्या चुण्या मात्र आपल्या कारागिराच्या हाताच्या. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे काम लहानपणापासून पाहिले असल्याने हा हात ओळखायला मला वेळ लागला नाही. चांदीचे काम पाहताना पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे पूजापात्र चुकवू नये; पिलांना स्वतःचे रक्त पाजणारा पक्षी, हे ख्रिस्ताच्या बलिदानाचे जुने रूपक आहे.

दुपारी, घरून आणलेले घावणे खाऊन झाले की बॉ जेझू. हे चर्च १५९४ मध्ये बांधायला घेतले आणि १६०५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. बाहेरून ते लालसर दिसते, म्हणून छायाचित्रात फार शोभते. पण तो रंग मूळचा नव्हे. एकेकाळी त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. जांभा पाणी शोषतो आणि झिजतो, त्यामुळे गिलावा काढणे ही चूक होती असे माझे ठाम मत आहे, जरी पर्यटकांना आता तोच लाल रंग हवा असला तरी. दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणलेला आहे.

आत एकच गोष्ट पाहायची: संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यावरील एका बेटावर वारले. समाधीचा संगमरवरी भाग फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोजिनी याने घडवला. टस्कनीचा अधिपती कोसिमो तिसरा याने तो भेट दिला आणि १६९८ मध्ये इथे बसवण्यात आला. वर ठेवलेली चांदीची पेटी मात्र त्याआधीची, १६३६-३७ ची, आणि ती गोव्यातल्या सोनारांनी घडवलेली आहे. इटलीचा संगमरवर खाली आणि गोव्याची चांदी वर, अशी ही मांडणी आहे. पेटी बरीच उंचावर आहे, तेव्हा लहान दुर्बीण असल्यास अवश्य न्यावी. त्याखेरीज तिच्यावरचे चरित्रप्रसंग दिसत नाहीत, आणि लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात.

समोरचे से कॅथेड्रल १५६२ ते १६१९ या काळात बांधले गेले. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, म्हणून ते आज एका बाजूला झुकल्यासारखे वाटते. मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत, कारण पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा होता. शेजारच्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमिनीकडे पाहत चालावे: पायाखाली ढाल-चिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. थकलेले असाल तर सेंट कॅजेटनचे चर्च सोडून दिले तरी चालेल.

मग व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली मांडवीच्या धक्क्यावर जावे आणि दिवाडी बेटाची फेरीबोट धरावी. पायी जाणाऱ्यास तिकीट लागत नाही. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग डिचोलीच्या नार्व्याला हलवण्यात आले, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. पलीकडे उतरून लगेच परत फिरलात तरी हरकत नाही, परंतु परतताना बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहावे. माडांच्या वर आधी मनोरे आणि घुमट दिसतात, चर्च नंतर.