पगार ठीक, तरी नोकरीत जीव रमत नाही, बदलू का?

पणजीच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहात, पगार बरा, पण सुट्टीतही थकवा जात नाही म्हणता. नुसत्या कामाने माणूस एवढा पिचत नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं, की कामाचा रेटा जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी सर्वात वाईट. मी म्हापशाला तेच भोगलं: उद्याची ड्युटी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कळायची, चवथीची रजा आयत्या वेळी रद्द. (डिसेंबरातल्या गर्दीचं मात्र काही वाटत नसे!)

आधी रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, आठवडाभर आधी मागा. गिऱ्हाइकाला खोली बदलून देण्यासारखे छोटे निर्णय स्वतःकडे मागून घ्या. तरी ढिम्म हललं नाही तर खुशाल बदला. पण मुलाखतीत पगाराआधी रोस्टर कोण लावतं ते विचारा. झोपच उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.