बँड जमला, गाणी झाली. रेकॉर्डिंगची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, की चौघांचा पॉप बँड आहे, स्वतःची सहा गाणी तयार आहेत, तर आता स्टुडिओ घ्यावा की घरीच रेकॉर्ड करावं? आमचाही बँड चौघांचा, मी त्यात गिटार वाजवते. आम्ही दोन्ही करून पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच, की जागेचा विचार नंतर करा, आधी स्वतःची प्रॅक्टिस फोनवर रेकॉर्ड करून ऐका.

आम्ही ते न करता थेट स्टुडिओत गेलो होतो. वर्षभर एकत्र वाजवत होतो, त्यामुळे गाणी पक्की आहेत असंच सगळे धरून चाललो होतो. इंजिनिअरने पहिलाच प्रश्न विचारला, "टेम्पो किती?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. अंदाजाने मिनिटाला ११२ ठोके लावले. आमचा ड्रमर ध्रुवपदाला थोडा पुढे पळतो. स्टेजवर त्याच पळण्याने गाण्याला जोर येतो, पण कानात क्लिक, म्हणजे ठोके मोजून देणारी टकटक, वाजू लागल्यावर तो दर टेकला अडकायला लागला. एका गाण्याच्या ड्रम्समध्येच दिवस गेला. मग गायन. अंतऱ्यातली खालची ओळ माइकवर नुसती पुटपुटल्यासारखी येत होती. प्रॅक्टिसमध्ये ती ओळ आमच्यापैकी कुणी कधी नीट ऐकलीच नव्हती, कारण चौघेही जोरात वाजवत होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दुसऱ्या अंतऱ्यात बास आणि गिटार कित्येक महिने वेगवेगळे कॉर्ड वाजवत होते. फक्त ते दोन ट्रॅक लावल्यावर ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.

बीटल्स या इंग्लिश बँडने ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात १० गाणी रेकॉर्ड केली. हे उदाहरण सगळे बँड एकमेकांना सांगतात. पण त्याआधी ते हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूलच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवत होते, तो भाग सांगायचा राहून जातो.

स्टुडिओतून परत आल्यावर आम्ही दोन महिने एकच गोष्ट केली. प्रॅक्टिसच्या वेळी खोलीच्या मधोमध फोन ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एकट्याने ऐकून खटकलेल्या जागा लिहायच्या. टेम्पो ठरवायला गाणं क्लिकशिवाय पाच वेळा वाजवलं, मोजलं, आणि जो आकडा सारखा येत होता तो धरला. ध्रुवपदाला क्लिक दोन बीपीएमने, म्हणजे मिनिटाला दोन ठोक्यांनी, वाढवला. असं करता येतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! खालची ओळ मोकळी व्हावी म्हणून अंतऱ्याची चाल थोडी वर नेली. मग ध्रुवपद गळ्याला जड जायला लागलं, म्हणून सगळं गाणंच ‘जी’ पट्टीवरून ‘एफ’वर उतरवलं. ‘एफ’वर आलं की गिटारचे बरेच मोकळे कॉर्ड जातात, त्यामुळे मी पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ‘ई’ पट्टीच्या कॉर्डचे आकार धरते. गाण्याचा रंगच बदलला, आणि मला तो आधीपेक्षा आवडतो.

आता तुमचा प्रश्न. ड्रम्स खरे असतील तर ते स्टुडिओत घ्या. त्याला बरेच माइक लागतात आणि खोलीही चांगली लागते. बास आणि गिटार घरी इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) थेट घेता येतात. गायनासाठी कपड्यांनी भरलेलं कपाट आणि भिंतींवर जाड रजया एवढ्यावरही आवाज स्वच्छ येतो. रिकाम्या खोलीचा घुमारा मात्र नंतर नीट काढता येत नाही. स्टुडिओत आणि घरी रेकॉर्डिंगच्या दर्जाचं सेटिंग एकच ठेवा, आम्ही २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवलं होतं. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू करा, म्हणजे एकमेकांवर बरोबर बसतात. रेकॉर्डिंगची लेव्हल मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून त्यांचे आवाज जुळवणं, बाहेरच्या माणसाकडे द्या. आमच्यात प्रत्येकाला स्वतःचं वाद्य वर हवं होतं. शेवटी चौघांच्या सूचना एकाच कागदावर लिहून एकाच माणसाने पाठवायच्या असं ठरवलं. मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावरच्या शेवटच्या कामात, आवाज फार चढवायला सांगू नका, स्ट्रीमिंग सेवा तो बहुधा आपल्या पातळीवर खाली आणतातच.

एक गोष्ट मनापासून सांगते. गाणं बाहेर पडण्याआधी कुणाचं काय ते लिहून ठेवा. शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. आमच्या कीबोर्डवाल्याने मुखड्याआधीचा पीस रचला होता आणि ती चालच आहे असं त्याचं म्हणणं होतं. ते बरोबरच होतं, तो पीस काढला तर गाणं ओळखू येत नाही. पण हे बोलायला आम्ही इतका उशीर केला, की तो सहा महिने प्रॅक्टिसला आला नाही. आता प्रत्येक गाण्याच्या वाट्याचा कागद पहिला डेमो झाला त्याच दिवशी होतो.

सहाही गाणी एकदम घेऊ नका. दोन निवडा आणि ती पूर्ण करा. आणि पुढच्या प्रॅक्टिसला फोन लावून दुसऱ्या अंतऱ्यात बास आणि गिटार एकच कॉर्ड वाजवतायत ना, तेवढं आधी तपासा.