कॅसेटची घरघर, खरखर की सूंसूं?

इंदूरच्या एका वाचकाचा प्रश्न : घरच्या घरी कॅसेटवर रेकॉर्ड केलेली गिटारवरची गाणी, म्हणजे हल्ली ज्याला ‘लो-फाय फोक’ म्हणतात ती, ऐकताना मागे सतत एक आवाज येतो. त्याला मराठीत काय म्हणावे? मित्र ‘घरघराहट’ म्हणतात म्हणून मी ‘घरघर’ लिहिले, तर आई म्हणाली ‘खरखर’ लिही.

घरघर तेवढी नको. हिंदीत घरघराहट कुठल्याही यंत्राची चालते. मराठीत जात्याची घरघर सोडली तर हा शब्द थेट घशात जाऊन बसला आहे. ‘घरघर लागली’ म्हटले की घरचे गंगाजलाची कुपी शोधू लागतात. ‘या गाण्याला सुरेख घरघर आहे’ असे लिहिलेत, तर पुण्याहून सांत्वनाचे फोन येतील.

आईचे म्हणणे अर्धे बरोबर. खरखर तुटक, दाणेदार असते : धुळकट तबकडीवर सुई अडखळते ती, किंवा विजा चमकताना रेडिओच्या मीडियम वेव्हवर येते ती. कॅसेटचा आवाज अखंड असतो. साध्या कॅसेटची फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद, आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी. स्टुडिओतली फीत ३८ सेंटिमीटरने धावायची. गाण्याच्या वाट्याला चुंबकीय कण थोडे आले की त्या कणांचाच आवाज वर येतो. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावरच रेकॉर्ड झाला होता. अशा गाण्यात पहिली तार छेडायच्या आधीचा क्षण हेडफोन लावून ऐका. वारा करतो तसे सूंसूं ऐकू येईल. मी ‘फितीची सूंसूं’ लिहीन.

तारेवरून बोट सरकताना होते ती मात्र करकर, नव्या चपलेची असते तीच. आणि वायरिंगमधून शिरते ती गुणगुण. आपल्याकडे ५० हर्ट्‌झची, अमेरिकेत ६० ची.

‘लो-फाय’ तसाच राहू द्या. ‘निम्नदर्जाचे’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण पुष्कळ जण हा आवाज हौसेने ठेवतात. या आवाजासाठी कुणी ‘जवारी’, म्हणजे तानपुऱ्याच्या स्वराचा गुंजारव, सुचवील. मोह मलाही होतो, पण तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सारून जमवलेली जवारी स्वराबरोबर येते आणि स्वराबरोबरच विरते. फितीची सूंसूं गाणारा गप्प बसला तरी चालूच राहते.