पहिल्या कॉलला परीक्षा कुणाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: आत्मसन्मान फार खाली गेलाय, ऑनलाइन थेरपिस्ट शोधताय, तीन महिन्यांत बावीस प्रोफाइल जपून ठेवलीत आणि अजून एकालाही मेसेज केलेला नाही. 'एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाचा वेळ घ्यावा का' असंही वाटतं. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय: 'त्यांना मीच आवडले नाही तर?'

वरचं सगळं मरू दे, खरा प्रश्न ते शेवटचं वाक्य आहे. न्यूनगंडाची गोची अशी की ज्या चष्म्यातून आपण बॉस, मैत्रिणी, नातेवाईक बघतो, त्याच चष्म्यातून थेरपिस्टही शोधतो. म्हणजे आपण चांगला थेरपिस्ट शोधत नाही, आपल्याला नापास न करणारा शोधतो. एकदा कुणी सापडला की त्याला खूश ठेवायच्या मागे लागतो. हे ठामपणे सांगतेय, कारण सात महिने मी हेच केलंय.

माझे पहिले थेरपिस्ट मी फोटो आणि पदव्यांची रांग बघून निवडले. साधारण तिसऱ्या सेशनला माझ्या लक्षात आलं की मी बोलताना त्यांच्या चष्म्याच्या काचेत निळसर उजेड पडतो आणि त्यात ओळी वर सरकत जातात. ते दुसऱ्या खिडकीत काहीतरी वाचत होते. अधूनमधून कीबोर्डची टकटकही यायची. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, 'अहो, लक्ष आहे का इकडे?' मी निष्कर्ष काढला की मी कंटाळवाणी आहे. मग काय, पुढच्या आठवड्यापासून सेशनच्या आदल्या रात्री किस्से टिपून ठेवायला लागले, ऐकणाऱ्याला मजा वाटेल असे. पैसे मी भरत होते आणि करमणूकही मीच करत होते! प्रत्येक सेशननंतर 'खूप छान वाटलं, थँक्यू' असा मेसेज न चुकता. शेवटी सोडलं तेही खरं कारण न सांगता, 'प्रवासात आहे' अशी थाप मारून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: निवडताना 'हा माणूस किती नावाजलेला' याच्या आधी 'मी याला नाही म्हणू शकेन का, हे मला पटलं नाही असं सांगू शकेन का' हे तपासा. बाकीचे निकष त्यानंतर.

आता 'एवढीशी गोष्ट' बद्दल. आत्मसन्मान कमी असणं हे स्वतःच एखाद्या आजाराचं नाव नाही, त्यामुळे 'मी कुठे आजारी आहे' असं वाटणं साहजिक आहे. पण 'मी काही कामाची नाही' ही भावना नैराश्याचं लक्षणही असते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक सर्वमान्य प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी. तिच्यातला सहावा प्रश्न नेमका हाच आहे: स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत किंवा घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटणं. तर झोप, भूक, कामात लक्ष हेही बिघडलं असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. आणि जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, तर प्रोफाइल चाळत बसू नका. तिथे जवळचा माणूस, हेल्पलाइन, जवळच्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग किंवा मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही आजच. आठवड्याला एक ऑनलाइन सेशन हे त्या प्रसंगासाठीचं साधन नाही.

आत्मसन्मान मोजायचाच असेल तर मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाची १९६५ सालची दहा विधानांची मोजपट्टी अजून जगभर वापरतात. पाच विधानं सरळ, पाच उलटी, प्रत्येकाला सहमतीच्या चार पायऱ्या. एकदा भरा, तारीख टाकून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा भरा. रोज भरू नका, मी भरायचे. रोज स्वतःला मार्क द्यायची सवय हाच तर आपला रोग.

पदव्यांचा गोंधळ पटकन उरकते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, त्यांचं प्रशिक्षण आणि परवाना वेगवेगळा असतो. 'लाइफ कोच' कुणीही म्हणवून घेऊ शकतं. ऑनलाइन असल्यामुळे एक जास्तीची गोष्ट बघायची: बऱ्याच ठिकाणी थेरपिस्टचा परवाना तुम्ही जिथे बसून बोलता तिथे चालावा लागतो. नोंदणी क्रमांक मागा आणि त्या नोंदणी संस्थेच्या यादीत नाव ताडून बघा. यात अपमान वगैरे काही नाही, भला माणूस क्रमांक आपणहून देतो.

आता पहिला कॉल. बरेच जण पंधरा-वीस मिनिटांचा ओळखीचा कॉल देतात. प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा, कारण आपण आयत्या वेळी 'नाही नाही, मला काही विचारायचं नाही' म्हणून मोकळे होतो. मी दुसऱ्यांदा शोधताना तिघांशी बोलले आणि तिघांना एकच प्रश्न विचारला: 'मला तुमचं काही पटलं नाही तर मी ते कसं सांगू?' पहिल्यांनी सांगितलं, 'तशी वेळ कधी आली नाही.' दुसऱ्यांनी फॉर्म पाठवते म्हणून सांगितलं. तिसऱ्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, 'तुम्हाला ते अवघड जाईल असं दिसतंय. मग दर तिसऱ्या सेशनला मीच विचारत जाईन, आणि तेव्हा निदान एक तक्रार तुम्ही आणायचीच.' मी त्यांच्याकडे गेले. अजून जाते, महिन्यातून एकदा.

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नव्हता. १९७९ साली एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी थेरपीतल्या नात्याचे तीन भाग मांडले: ध्येय काय यावर एकमत, ते गाठायला काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. आपल्यासारखी माणसं पहिल्या दोन्हींत मान डोलावून मोकळी होतात, म्हणून एकमत झाल्याचा नुसता भास होतो. या नात्यात तडा गेला तर त्याला 'रप्चर' म्हणतात. तो बोलून सांधला जाणं हा उपचाराचाच भाग धरतात. म्हणजे 'मागच्या वेळचं तुमचं बोलणं मला लागलं' हे वाक्य उद्धटपणाचं नाही, तिथे बसून करायचं कामच ते आहे.

दुसरा विचारायचा प्रश्न: 'आत्मसन्मानावर तुम्ही नेमकं काय करता?' उत्तर 'आपण पॉझिटिव्ह राहायला शिकू' असं आलं तर नमस्कार करून पुढे चला. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य लोकांना मनात म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा कमी, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. मला हे वाचून केवढा दिलासा मिळाला म्हणून सांगू! आरशासमोर उभं राहून 'मी छान आहे' म्हणताना आतून जो खवट आवाज यायचा, 'हो का?', तो फक्त माझाच नव्हता तर.

काही ऐकण्याजोगी उत्तरं असतात. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी पद्धत, वापरणाऱ्या बहुतेकांना मानसशास्त्रज्ञ मेलनी फेनेल यांची १९९७ ची मांडणी माहीत असते. लहानपणापासूनच्या अनुभवातून आपण स्वतःबद्दल तळाशी एक निकाल लिहून ठेवतो, मग तो उघडा पडू नये म्हणून नियम करतो. माझा निकाल होता 'मी डोक्याला ताप आहे', आणि नियम होता 'कुणालाही कशाचाही त्रास द्यायचा नाही, म्हणजे ते मला सहन करतील'. नियम मोडायची वेळ आली की धाकधूक, मग टाळाटाळ किंवा जास्तीची सावधगिरी, आणि शेवटी स्वतःलाच फटके. थेरपीत हे चक्र कागदावर काढतात आणि नियम मुद्दाम थोडाथोडा मोडून काय होतं ते बघतात. विवेकनिष्ठ पद्धतीचे अल्बर्ट एलिस तर म्हणायचे की माणसाला मार्क द्यायचेच नसतात, द्यायचेच तर त्याच्या कृतीला द्यावेत. तो विनाअट आत्मस्वीकार मला वाचायला सोपा आणि जगायला महाकठीण वाटतो, पण काहींना तोच मार्ग लागू पडतो. स्वतःशी ममतेने वागायला शिकवणारेही आहेत. आपण स्वतःशी फार कडवट बोलत असू तर तो मार्ग बरा. कुठलीही पद्धत चालेल, फक्त समोरच्याला ती साध्या शब्दांत सांगता आली पाहिजे.

नियम मोडणं म्हणजे काय, त्याचा नमुना देते. ऑफिसात मी कुठलाही मेल सात-आठ वेळा वाचल्याशिवाय पाठवत नसे. थेरपिस्टनी सांगितलं, उद्या एक मेल एकदाच वाचून पाठवायचा, आणि पाठवायच्या आधी काय होईल ते लिहून ठेवायचं. मी लिहिलं: 'चूक निघेल, वरिष्ठ चिडतील, ९०%.' मेल पाठवला. त्यात चूक निघालीच, 'मंगळवार'च्या जागी 'मंळवार'. वरिष्ठांचं उत्तर आलं: 'ठीक.' बस. त्या 'ठीक'वर मी अर्धा दिवस काथ्याकूट केला हेही खरं, पूर्णविराम का दिला असेल वगैरे. पुढच्या सेशनला आम्ही दोन रकाने केले: मी काय धरून चालले होते, आणि प्रत्यक्षात काय घडलं. असे साठेक मेल झाल्यावर ९०% चा आकडा आपोआप खाली आला. कुणी मला 'तू हुशार आहेस' म्हणून तो आला नसता.

ऑनलाइनच्या दोन-तीन गोष्टी मात्र कुणी आधी सांगत नाही. पहिली म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारा आपला चेहरा. ज्याला स्वतःकडे बघवत नाही त्याने पन्नास मिनिटं स्वतःकडेच बघत रडायचं, ही काय शिक्षा आहे! मी पहिले सात महिने माझी हनुवटी आणि केसच बघत होते. बहुतेक व्हिडिओ अ‍ॅपमध्ये आपलं चित्र फक्त आपल्यापुरतं लपवता येतं. ते लपवा, कॅमेरा चालूच ठेवा. दुसरी, नुसत्या चॅटवरची थेरपी. संकोची माणसाला ती फार मोहात पाडते, पण तिथे आपण वाक्य लिहितो, खोडतो, पुन्हा नीट करून पाठवतो. म्हणजे आपला जुना धंदाच. सुरुवात तिथून करायला हरकत नाही, मुक्काम करू नका. तिसरी, जागा. घरात दाराआड कुणी असेल तर आपण कुजबुजतो आणि नेमकं घरच्यांबद्दलच बोलता येत नाही. इअरफोन लावा, दाराबाहेर पंखा चालू ठेवा किंवा उभ्या गाडीत बसून बोला. मी चार महिने गाडीत बसून बोलले. कॉल तुटला तर कोण कुणाला लावणार हे पहिल्या दिवशी ठरवा. थेरपिस्टने तुमचा पत्ता आणि अडीअडचणीला कुणाला कळवायचं ते विचारलं तर बिचकू नका. न विचारणाऱ्यालाच उलट मी प्रश्न करीन. गोपनीयता कुठे संपते, म्हणजे जिवाला धोका असेल तर ते कुणाला सांगतील, हेही तेव्हाच विचारून घ्या.

किती दिवस बघायचं? चार ते सहा सेशन. तेवढ्यात आपलं चक्र कागदावर यायला हवं आणि घरी करायचं काहीतरी हातात असावं. सेशननंतर रडू येणं, थकवा वाटणं चालतं. पण प्रत्येक सेशनच्या आधी 'आज काय बोलू म्हणजे त्यांना बरं वाटेल' असा विचार येत असेल तर तेच वाक्य सेशनमध्ये बोलून दाखवा. त्यावर समोरचा माणूस पुढे झुकून ऐकतो की विषय बदलतो, त्यावरून राहायचं की जायचं ते कळतं. जायचं ठरलं तर दोन ओळी पुरतात, 'मला वाटतं आपलं जुळत नाही, मी दुसरीकडे बघतेय'. थाप नको. माझ्या त्या प्रवासाच्या थापेनंतर त्यांनी 'कसा झाला प्रवास?' म्हणून प्रेमाने विचारलं होतं, आणि मी चक्क एका समुद्रकिनाऱ्याचं वर्णन लिहून पाठवलं.

तर त्या बावीसांतले तीन निवडा. पदव्या मोजून नको, ज्यांनी स्वतःबद्दल साध्या भाषेत लिहिलंय ते तीन घ्या. आणि हा मेसेज तिघांना, एकदाच वाचून पाठवा:

'नमस्कार. स्वतःबद्दल सतत कमीपणा वाटतो, त्यासाठी थेरपी सुरू करायची आहे. तुम्ही यावर कसं काम करता आणि ओळखीचा छोटा कॉल होऊ शकेल का, ते कळवाल का? तुमचा नोंदणी क्रमांकही हवा आहे.'

यात 'सॉरी, त्रास देतेय' कुठेही घालायचं नाही. तिघांपैकी एकाचं तरी 'सध्या नवीन कुणाला घेत नाही' असं उत्तर येईल. त्याचा अर्थ त्यांची डायरी भरली आहे.