वाचकांचे प्रश्न : माध्यमं, मुली आणि गोरा रंग

प्रश्न : बाई, मी नंदगडची (ता. खानापूर). राणी चन्नम्मा विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करते. 'प्रसारमाध्यमांचा मुलींच्या सौंदर्यकल्पनांवर होणारा प्रभाव' हा विषय लघुप्रबंधासाठी घेतलाय. सर म्हणतात, दोनशे मुलींकडून प्रश्नावली भरून घे आणि टक्केवारी काढ. वर्गातली मैत्रीण म्हणते, मुलाखती घे. मला काहीच ठरवता येत नाही. लग्न ठरवताना मुलीच्या रंगावरून काय काय बोललं जातं ते घरातच ऐकत आले, म्हणून हा विषय घेतला. तो नुसता आकड्यांत वाया जाऊ नये असं वाटतं.
– एक वाचक, नंदगड

उत्तर : पद्धत नंतर बघू, आधी विषय लहान कर. तुझ्या एकाच घरात आई मराठी मालिका बघत असेल, शेजारची काकू कन्नड मालिका लावत असेल आणि तुझ्या हातातल्या फोनवर मुंबई, बेंगळूरु, कोरिया असं सगळं एकदम येत असेल. यातलं तुझं 'माध्यम' कोणतं? 'सौंदर्य' म्हणताना रंग, बांधा, केस की उंची? पत्रात तू रंगाबद्दल लिहिलंस, मग रंगच धर. खानापूर तालुक्यातल्या, लग्नाचं बघणं चालू असलेल्या, अठरा वर्षांवरच्या मुली, एवढंच क्षेत्र ठेव.

आता प्रश्नावली. बेळगावात समाजशास्त्र शिकवत असताना वर्गात मी मुलींना विचारायची, "जाहिरातींचा तुमच्यावर परिणाम होतो काय?" एकसुरात उत्तर यायचं, "नाही हो मॅडम." लगेच विचारायची, "आणि तुमच्या मैत्रिणींवर?" की सगळे हात वर. माणसाला दुसरा भुलतो असं वाटतं, आपण नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्ये हे सविस्तर मांडलं. म्हणून 'माध्यमांचा तुमच्यावर प्रभाव पडतो का? हो / नाही' असा प्रश्न दोनशे मुलींना विचारलास, तर प्रभावाबद्दल त्यांना काय वाटतं तेवढंच कळेल. प्रभाव पडला की नाही ते कळणार नाही.

या विषयात फिजीचा अभ्यास अवश्य वाच. मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही नुकताच आलेला असताना, 1995 मध्ये, शाळेतल्या 63 मुलींची पाहणी केली आणि 1998 मध्ये 65 मुलींची. खाण्याविषयीच्या विकृत वृत्ती मोजणाऱ्या चाचणीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. तेही भरलेला बांधा चांगला मानणाऱ्या समाजात. पण दोन गोष्टी नीट बघ. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, आणि नुसत्या आकड्यांवर न थांबता बेकर यांनी मुलींच्या मुलाखतीही घेतल्या. टीव्हीतल्या बायकांसारखं व्हावंसं का वाटतं, हे मुलींच्याच तोंडून आलं तेव्हा त्या आकड्यांना अर्थ आला.

आपल्याकडे मात्र टीव्ही येण्याआधीची मुलगी आता कुठून आणणार? शिवाय गोऱ्या रंगाचं वेड टीव्हीच्या कितीतरी आधीचं आहे. तुझ्या पणजीच्या वेळीही सावळ्या मुलीचं लग्न लवकर जमत नव्हतं. तेव्हा 'माध्यमांमुळे असं झालं' हे वाक्य तुझ्या लघुप्रबंधात येता कामा नये, कारण ते सिद्ध करायची सोय तुझ्याकडे नाही. निम्म्या मुलींना क्रीमच्या जाहिराती दाखवायच्या, निम्म्यांना शेतीच्या, आणि मग मोजायचं, असा प्रयोग करता येतो. पण त्यातून त्या घटकेपुरतंच कळतं, आणि आधीच रंगावरून बोलणी खाल्लेल्या मुलीला आणखी टोचायचं हे मला पटत नाही.

त्यापेक्षा कागद वाच. आपल्याकडच्या मराठी दैनिकांतल्या वधू-वर जाहिराती हा हाताशी असलेला खजिना आहे. बेळगावचा 'तरुण भारत' 1919 पासूनचा. कुठल्या वर्षांच्या फायली बघायला मिळतात ते वाचनालयात आणि कचेरीत जाऊन विचार. मिळतील त्यातली पाच वर्षं निवड, प्रत्येक महिन्याचा एक रविवार घे. साठ अंक होतील. 'गोरी', 'सुंदर', 'निमगोरी', 'शिक्षित', 'नोकरी करणारी' यातलं काय मागितलंय याची नोंद कर. त्यातल्या थोड्या जाहिराती मैत्रिणीला वेगळ्या नोंदवायला दे आणि तुमच्या नोंदी जुळतात का ते पडताळ. जुळत नसतील तर नियम पुन्हा लिही. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली, 2020 मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून ग्लो अँड लव्हली केलं. 2019 च्या आणि 2022 च्या जाहिराती शेजारी ठेवून बघ, 'गोरी' तिथूनही गेली का? हा प्रश्न मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कुणा मुलीला दुखवावं लागत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारे बायोडाटेही बघ. 'वर्ण' असा रकाना असतो. त्यात 'गव्हाळ' लिहायचं की 'निमगोरा', यावर घरात आई आणि मावशी किती वेळ घालतात, ते तू ऐकलं असशील. मग फोटो. स्टुडिओतला पोरगा स्क्रीनवर चेहरा मोठा करून विचारतो, "थोडं ब्राईट करू काय?" आणि मुलीच्या आधी आईच "कर कर" म्हणते. हे मी खानापुरात उभी राहून बघितलंय. कोण कुणासाठी गोरं करतंय, ते तिथे दिसतं. म्हणून मुलींबरोबर आया आणि फोटोग्राफर यांच्याशीही बोल. परवानगी घेऊन असा एक स्टुडिओ आठवडाभर बघ. लोकांची नावं, फोटो काही उतरवून घेऊ नकोस.

मुलाखती पंधरा पुरे, पण लांब हव्यात. फोन तिच्याच हातात राहू दे, तिलाच सरकवू दे आणि जिथे थांबेल तिथे विचार, "हे का बघितलंस?" तिच्या घरी मराठीत कन्नड शब्द मिसळून बोलत असतील तर तूही तसंच बोल. रंगाचा विषय आधी तू काढू नकोस, तिच्याकडून येऊ दे. आला नाही तर तीही नोंद आहे. लग्नाचं चाललेलं असताना आई शेजारी बसली तर मुलगी गप्प राहील, तेव्हा कॉलेजात किंवा मैत्रिणीच्या घरी भेट. कुणी बोलता बोलता रडली तर वही मिटव.

सरांची प्रश्नावलीही टाकून देऊ नकोस. ती शेवटी कर. मुलाखतींतून आलेल्या मुलींच्याच शब्दांत प्रश्न लिही, आधी दहाजणींवर करून बघ आणि मग दोनशेंकडे जा. रोज किती वेळ काय बघता, कोणती क्रीम वापरता, पार्लरमध्ये काय करून घेता, असं ठोस विचार. त्यातून जास्त बघणाऱ्या मुली जास्त क्रीम वापरतात असं निघालं, तरी 'दोन्ही एकत्र आढळतात' एवढंच लिही. कदाचित क्रीम वापरणारीच तसल्या जाहिराती शोधून बघत असेल.

वेळ कमी पडला तर प्रश्नावली गाळ, जाहिराती आणि मुलाखती ठेव. सरांना आधी नोंदीचा तक्ता आणि पहिल्या दोन मुलाखती लिहून दाखव, परवानगी तोंडी नको, कागदावर घे.