ढोल पथकात नऊवारीची सक्ती

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे, पुण्यातल्या एका ढोलताशा पथकात तीन वर्षं ढोल वाजवते. यंदा मिटिंगमधे जाहीर केलं की मुलींनी विसर्जनाला नऊवारी, अंबाडा, नथ हे सगळं करायचंच, मुलांना नेहमीचा कुर्ता-पायजमा. नऊवारीचे पैसे ज्याचे त्याने भरायचे. मी म्हटलं मला कुर्त्यातच वाजवायचंय, तर एक जण म्हणाला "तू नटून आलीस तरच फोटोत शोभशील, नाहीतर मागच्या रांगेत उभी राहा" आणि वर प्रमुख म्हणाले की इथे कुणावर जबरदस्ती नाही, पटत नसेल तर येऊ नकोस. पथकातल्या दोघीतिघींना माझं पटतंय पण बोलत नाहीत. मी चुकतेय का?

उत्तर : अजिबात नाही गं. पथकाला एकसारखा ड्रेस हवा हे मलाही पटतं, लक्ष्मी रोडवर सगळे एका रंगात वाजवत येतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण एकसारखा म्हणजे सगळ्यांना सारखा त्रास, सारखा खर्च. इथे मुलांना सुटसुटीत कुर्ता आणि तुला नथ सांभाळत वाजवायचं, ह्याला शिस्त म्हणत नाहीत.

नऊवारी वाईट असं मी मुळीच म्हणत नाहीये, आपल्या आज्या कासोटा मारून शेतात दिवसभर राबायच्या. पण ती रोजच्या वापरातली मऊ सुती, आणि आता पथकांसाठी शिवून मिळते ती बऱ्याचदा सिंथेटिक, घाम टिपत नाही, त्यावर कमरेला ढोल आवळलेला आणि मंडईतनं निघून अलका चौकापर्यंत कित्येक तास, त्यात मधे टॉयलेटची सोय जवळपास नाहीच, पाळी असेल तर विचारूच नकोस. हे ठरवताना एकाही मुलीला विचारलं होतं का, हे मिटिंगमधे नक्की विचार.

पैशाचंही तसंच. तुम्ही महिना दीड महिना नदीपात्रात सराव करता, एक रुपया घेत नाही, आणि पथक सुपारी घेतं. मग ड्रेसचा खर्च त्यातनं व्हायला काय हरकत आहे? "पटत नसेल तर येऊ नकोस" हे बिनपगारी माणसाला ऐकवणं मला फार लागलं, कारण तू दिलेला वेळ कुणी परत करणार नाहीये.

त्या फोटोवाल्या बोलण्याबद्दल मात्र गप्प बसू नकोस. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी, स्वेच्छेने काम करणाऱ्यांनाही लागू आहे आणि त्यात ट्रस्ट, संस्था येतात. १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी, ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. एका वाक्यावरनं तक्रार टिकेल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण कधी, कोण, कुणासमोर बोललं ते आजच लिहून ठेव, पुन्हा घडलं तर उपयोगी पडेल.

आधी प्रमुखांना दोन ओळींचा मेसेज कर : मुली-मुलांना एकच कुर्ता, किंवा ज्याला जे झेपेल ते, पण जागा वादनावरनं ठरवा. आणि त्या दोघीतिघींना मिटिंगला सोबत ने, एकटी जाऊ नकोस. काय ठरलं ते मला कळव.